वानप्रस्थ आणि घराची किल्ली

॥ श्री गणेशाय नमः ॥

सज्जनहो, विघ्नहर्त्या गजाननाला प्रथम वंदन. कुलदेवतेला, ग्रामदेवतेला आणि मातापित्यांना वंदन. देशोदेशी राहूनही भाद्रपदात हौसेने मखर सजवणाऱ्या, एकवीस मोदक मोजून नैवेद्य दाखवणाऱ्या आपणां सर्व गणेशभक्तांना माझा नमस्कार. मी कीर्तनकार नव्हे, शास्त्रीही नव्हे. एम.बी.बी.एस. होऊन, लग्नानंतर आखातात आलेली आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षे दोह्यात रुग्ण तपासणारी मी एक डॉक्टर. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून ऐकलेले भागवत आणि महाभारत, एवढीच माझी शिदोरी. त्या शिदोरीतले दोन घास आपल्यापुढे ठेवते. गोड मानून घ्यावेत.

विषय शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या दोह्याच्या मंडळींत संकष्टीची आरती झाली आणि प्रसादाच्या वाट्या हातात आल्या, की हल्ली एकच विषय निघतो. साठी जवळ आली, करार संपणार. मुलगी टोरांटोला, मुलगा मेलबर्नला. आयुष्यभर नोकरीने बांधून ठेवले. आता हातपाय चालताहेत तोवर चारधाम करावे, नर्मदा परिक्रमा करावी, युरोप पाहावा, मुलांकडे दोन-दोन महिने राहावे. मग पुण्याचा, ठाण्याचा, नाशिकचा तो फ्लॅट ठेवायचा कशाला? एक जण म्हणतो, "विकून टाका, पैसे बँकेत ठेवा आणि दोन बॅगा घेऊन निघा." दुसरा म्हणतो, "अहो, निघाल खरे, पण परत कुठे याल?" मग व्याजाचे दर निघतात, सोसायटीचा मेंटेनन्स निघतो, आणि वाट्या रिकाम्या झाल्या तरी प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा असता तर चार्टर्ड अकाउंटंटने तो केव्हाच सोडवला असता. माझ्या मते हा आश्रमधर्माचा प्रश्न आहे. गृहस्थाश्रमातून पुढे पाऊल टाकताना घराचे काय करायचे, हे आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने पाहिले आहे. म्हणून आज त्यांच्याकडेच जाऊ.

आपण आधीच अनिकेत

भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत एक शब्द येतो, 'अनिकेत'. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत. आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थांना हा शब्द सापडला तेव्हा ते म्हणाले, "पाहा, खुद्द भगवंतच फ्लॅट विका म्हणताहेत!" पण त्या शब्दाला अगदी लागून दुसरा शब्द येतो, 'स्थिरमती'. ज्याची बुद्धी स्थिर आहे तो. हे दोन शब्द शेजारी शेजारी का ठेवले असावेत? ज्ञानेश्वर माउलींनी तिथे वाऱ्याचा दृष्टांत दिला आहे. वारा एका ठिकाणी बिऱ्हाड करत नाही. अशा भक्ताला सारे विश्वच आपले घर वाटते आणि ही समजूत त्याच्या मनात पक्की बसलेली असते, असे माउली सांगतात. मन जागेवर आले की घर सुटले तरी चालते. मन जागेवर नसताना घर सोडले, तर तिला नुसती भटकंती म्हणावे लागेल. आणि मन अस्थिर असताना घर धरून ठेवले, तर घरात बसूनही भटकंतीच चालते.

आता आपल्याकडे पाहा. कतारमध्ये आपण कोणाच्या घरात राहिलो? बहुतेकांनी कंपनीच्या नाहीतर भाड्याच्या. इथला आपला मुक्काम आर.पी.वर. नोकरी संपली की आर.पी. रद्द होते आणि ठरलेल्या मुदतीत देश सोडावा लागतो. २०१८ च्या कायद्याने परदेशी लोकांना घर घेता येईल असे भाग वाढले. २०२० पासून अशा भागात किमान ७ लाख ३० हजार रियालची मालमत्ता घेणाऱ्याला नोकरीशिवायही राहण्याचा परवाना मिळू शकतो. ज्यांना परवडते त्यांनी तशी घरे घेतलीही. पण आपल्यासारख्या बहुसंख्यांनी पंचवीस-तीस वर्षे दुसऱ्याच्या भिंतींत संसार केला, मुले वाढवली आणि जाताना भिंतींना रंग देऊन किल्ल्या परत केल्या.

आणि तरीही, त्या भिंतींत देव होतेच ना? इथे रस्त्याने जाताना कळस दिसत नाही. आपले देऊळ म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातले देवघर. मुंबईहून हातातल्या पिशवीतून आणलेले टाक, आजीची अन्नपूर्णा, एक समई. घर कंपनीचे होते, पण सांजवात आपली होती. मालकी नसताना घर कसे करावे, हे आपण आधीच शिकलो आहोत. उलट तिकडे आपल्या नावावर असलेला फ्लॅट अकरा महिने कुलूपबंद. वर्षातून एकदा जायचे, शेजारच्या वहिनींकडून किल्ली घ्यायची, सोफ्यावरच्या चादरी झटकायच्या, नळातून आधी गंजाचे लाल पाणी येऊ द्यायचे, फ्रीजचा कुबट वास घालवायचा. दोन दिवस साफसफाईत गेले की राहायला उरतात वीस. त्याला घर म्हणायचे, की घराची आठवण? हा प्रश्न मनात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

दत्तगुरूंचे दोन गुरू

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. अवधूत सांगतात, मी चोवीस गुरू केले. आपल्याला पृथ्वी, वायू, आकाश आठवतात, पण आज दोघांकडेच पाहू. एक कपोत, म्हणजे कबुतर; आणि दुसरा सर्प.

कबुतराने झाडावर घरटे केले. मादी, पिले, सुखाचा संसार. एके दिवशी पारध्याने जाळे टाकले आणि पिले अडकली. मादी आक्रोश करत जाळ्यात पडली. ते पाहून कबुतरानेही आपण होऊन जाळ्यात उडी घेतली. अवधूत म्हणतात, घरट्याच्या आसक्तीने जो विचार हरवतो त्याची ही गत. आणि सर्प? तो स्वतः बीळ खणत नाही. मुंगळ्यांनी, उंदरांनी केलेल्या बिळात जातो आणि सुखाने राहतो. या क्षणभंगुर देहासाठी घर बांधण्याचा खटाटोप दुःखाला कारण होतो, असे अवधूतांनी त्याच्याकडून घेतले.

म्हणजे निकाल लागला का? घर नकोच? थांबा. हे शिकवणारे अवधूत म्हणजे आपल्या परंपरेत साक्षात दत्तात्रेय. त्यांचा दिनक्रम आपल्या आयाबायांनाही पाठ असतो. काशीला स्नान, करवीरला म्हणजे कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा. रोज एवढा प्रवास करणारा त्रिभुवनात दुसरा कोणी नसेल. पण त्या प्रवासाला वेळापत्रक आहे. स्नानाची जागा ठरलेली, जेवणाची ठरलेली आणि रात्री पाठ टेकायची जागाही ठरलेली. दत्तमहाराज सर्वत्र संचार करतात. पण आज निजायला कुठे जायचे, असा प्रश्न त्यांना पडत नाही. माहूर त्यांच्या मालकीचे आहे का, असा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही!

आणखी एक गंमत पाहा. याच एकादश स्कंधावर एकनाथ महाराजांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण केली. कपोताचे आणि सर्पाचे सारे तत्त्वज्ञान लिहून झाल्यावर नाथ कुठे गेले? पैठणला, आपल्या घरी. आपल्या वारकरी संतांनी संसार सोडायला सांगितले नाही. वारी या शब्दातच जाणे आणि येणे दोन्ही आहे. वारकरी आषाढात पंढरीला जातो आणि परत येऊन शेताला लागतो, म्हणून तर पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकतो.

चार महिन्यांचा मुक्काम

ज्यांनी खरोखरच घर सोडले त्यांचे काय? संन्याशाने एका गावी फार काळ राहू नये असा दंडक आहे. पण त्यालाही शास्त्राने सवलत दिली, किंबहुना आज्ञाच दिली, की चातुर्मासात एका जागी थांबावे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत. नद्यांना पूर, वाटा चिखलाच्या, पायाखाली जीवजंतू. हिंडणाऱ्यानेही चार महिने हिंडू नये. नर्मदा परिक्रमेचा जुना नियमही तोच. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांच्या त्या परिक्रमेत चातुर्मास आला की परिक्रमावासी किनाऱ्यावरच्या एखाद्या आश्रमात मुक्काम करतो.

बौद्ध भिक्षूंचाही वर्षावास असे, आणि त्यातूनच आपल्या महाराष्ट्राला केवढे वैभव मिळाले! कार्ले, भाजे, अजिंठा, बोरिवलीजवळची कान्हेरी. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. खोलीत झोपायला दगडी ओटा, बाहेर पावसाचे पाणी साठवायला पोढी. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. घर सोडलेल्यांसाठी, घरात राहणाऱ्यांनी डोंगरात कोरून दिलेली ही घरे. त्यागी माणसालाही पावसाळ्यात छप्पर लागते, हे आपल्या पूर्वजांनी लाज न बाळगता मान्य केले होते.

आपण ज्या भूमीत राहतो तिचेही सांगणे फारसे वेगळे नाही. दोह्यात नॅशनल म्युझियम मार्च २०१९ मध्ये उघडले. वाळवंटातल्या 'डेझर्ट रोझ'च्या आकाराची ती इमारत आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. आत इथल्या जुन्या लोकांची दोन आयुष्ये मांडली आहेत. एक बदाऊनी लोकांचे. शेळीच्या केसांच्या विणलेल्या तंबूत राहायचे, पाऊस पडून गवत उगवेल तिकडे उंट-शेळ्या घेऊन जायचे, आणि उन्हाळा कडक झाला की पाण्याच्या विहिरींजवळ यायचे. दुसरे आयुष्य मोती काढणाऱ्यांचे. उन्हाळ्यातले साधारण चार महिने समुद्रावर काढायचे आणि हंगाम संपला की सारी गलबते किनाऱ्याला परत आणायची. तिकडे बायका-मुले वाट पाहत उभी असत.

तंबू फिरतो, विहीर फिरत नाही. बदाऊनी माणसाला घर नव्हते असे आपण म्हणतो, पण आपली विहीर कोणती हे तो कधी विसरत नसे. आणि उत्तरेकडच्या अल् झुबाराचे काय? मोत्यांच्या व्यापाराने भरभराटलेले अठराव्या शतकातले ते शहर. मोठमोठे वाडे, बाजार, तटबंदी. आज सारे वाळूत. २०१३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा उत्खनन करून भिंती दाखवाव्या लागल्या. भिंती दगडाच्या होत्या, तरी माणूस उठून गेल्यावर त्यांना घर कोण म्हणणार?

तेव्हा वानप्रस्थाला निघणाऱ्याने स्वतःला विचारावे, "माझी विहीर कोणती? माझा चातुर्मास कुठे?" फ्लॅट विकायचा की नाही हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

यक्षाचे चार मित्र

आता माझ्या धंद्याकडे येते. महाभारताच्या वनपर्वात यक्षप्रश्नांची कथा आहे. तळ्याकाठी चार भाऊ निश्चेष्ट पडलेले, आणि यक्ष धर्मराजाला प्रश्न विचारतो आहे. त्यांतला एक प्रश्न, सुखी कोण? युधिष्ठिराचे उत्तर असे, की दिवस कलल्यावर का होईना, आपल्या घरी साधी भाजी शिजवून खाणारा, ज्याच्यावर ऋण नाही आणि ज्याला प्रवासात राहावे लागत नाही तो सुखी. हे उत्तर देणारा माणूस कोण, तेही लक्षात घ्या. बारा वर्षे वनवासात काढलेला, राजवाडा गमावलेला, आणि पुढे एक वर्ष नाव लपवून परक्याच्या दारी राहायचे असलेला. घराची किंमत त्याला कळली तेवढी हस्तिनापुरात बसलेल्या दुर्योधनाला कळली नाही. आपल्यालाही ती परदेशातच कळली.

त्याच संवादात यक्ष आणखी विचारतो. प्रवासात असलेल्याचा मित्र कोण? घरी असलेल्याचा कोण? आजाऱ्याचा कोण? आणि मरणाऱ्याचा कोण? युधिष्ठिर सांगतो, प्रवाशाचा मित्र त्याच्यासोबत चालणारा तांडा. घरी असलेल्याचा मित्र त्याची पत्नी. आजाऱ्याचा मित्र वैद्य. आणि मरणाऱ्याचा मित्र त्याने केलेले दान.

आपल्याला वाटते, निवृत्तीनंतर आपण फक्त पहिल्या प्रश्नात राहणार. पण साठीनंतरच्या माणसाच्या वाट्याला चारही प्रश्न येतात, आणि कधी कधी एकाच आठवड्यात येतात. पक्षाघाताचा झटका आला तर रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. परक्या शहरात, परक्या भाषेत, रुग्णाला बोलता येत नाही आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे बरोबरच्या माणसाला ठाऊक नाही. तिथे वैद्य मित्र असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. म्हणून प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाने आपले आजार, औषधांची मूळ नावे, ॲलर्जी आणि जवळच्या माणसाचा फोन नंबर एका कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा, ही माझी हात जोडून विनंती.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पेशंट चार पावले चालू लागला. आता घरी सोडायचे. तेव्हा जगातल्या कोणत्याही वॉर्डात डॉक्टर आणि नर्स एकच प्रश्न विचारतात, "घरी कोण आहे?" घर कोणाच्या नावावर आहे, हे आम्ही विचारत नाही. किती स्क्वेअर फूट आहे, बाजारभाव काय, हेही विचारत नाही. कोण आहे, एवढेच विचारतो. न्हाणीघरापर्यंत हात धरून कोण नेईल? रात्री पाणी कोण देईल? प्रवासाचा विमा हॉस्पिटलचे बिल देईल, कदाचित मायदेशी आणूनही सोडेल. पण विमानतळाच्या दारापासून पुढचा पत्ता आपल्यालाच सांगावा लागतो. तीन हजार स्क्वेअर फुटांचा बंद बंगला असलेला माणूस या प्रश्नाला गप्प बसलेला मी पाहिला आहे, आणि स्वतःचे काहीच नसलेली एक वृद्ध मावशी "माझी भाची आहे ना!" असे ताडकन म्हणालेली पाहिली आहे.

२०२० सालचे तर कोणी विसरू शकणार नाही. मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबवली. कतारनेही त्याच महिन्यात बाहेर गेलेल्या परदेशी रहिवाशांचा प्रवेश थांबवला; ऑगस्टपासून खास परवान्यावर परत येता येऊ लागले. मे महिन्यात वंदे भारतची विमाने सुरू झाली, पण भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. तेवढा काळ जो जिथे होता तिथे अडकला. त्याला आपण जगाचा चातुर्मास म्हणू. ज्याची विहीर ठरलेली होती तो तिथे पोचण्याची वाट पाहत राहिला. ज्याची ठरलेली नव्हती, त्याला कशाची वाट पाहावी हेही कळत नव्हते.

सोन्याची लंका

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती प्रसादाच्या पंगतीत पुरुषमंडळी बोलत असताना सहसा मागे राहते. शंकर-पार्वतीची लोककथा आपण ऐकली असेल. पार्वतीमातेला वाटले, आपलेही एक घर असावे. विश्वकर्म्याने सोन्याची लंका उभारली. वास्तुशांतीला रावण पुरोहित म्हणून आला, विधी यथासांग केला आणि दक्षिणा म्हणून लंकाच मागितली. भोळा सांब तो! "दिली" म्हणाला आणि कैलासाकडे चालू लागला.

ही कथा सांगताना शंकराच्या वैराग्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मनात नेहमी येते, पार्वतीला कोणी विचारले का? आमच्या ओळखीत असेच एक जोडपे आहे. यजमान रास लफानच्या वायुप्रकल्पात, निवृत्ती दोन वर्षांवर. त्यांना सारे विकून मोकळे व्हायचे आहे. त्यांच्या पत्नी फार बोलत नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "डॉक्टर वहिनी, तीस वर्षे कंपनीच्या भिंतीला खिळा ठोकायचा तर परवानगी मागितली. मला एक भिंत माझी हवी. मोठी नको, एकच."

यावर कोणते शास्त्र सांगाल? वानप्रस्थ हा दोघांचा आश्रम आहे. मनूने सांगितले आहे, की केस पिकले, अंगावर सुरकुत्या आल्या आणि नातवंडाचे तोंड पाहिले की वनाची वाट धरावी. पत्नीला मुलांच्या हवाली करावे, नाहीतर बरोबर घेऊन जावे. म्हणजे निघण्याआधी तिचा विचार हवाच. आणि आजच्या काळात तो तिच्यासाठी करायचा नसून तिच्याबरोबर करायचा. त्यागाची इच्छा एकाची आणि त्याग दुसऱ्याचा, असे होऊ नये. आणि लक्षात ठेवा, शंकराने लंका दिली तरी परत जायला त्याला कैलास होता.

मुलांच्या घरी फिरत राहू, असे म्हणणाऱ्यांसाठीही एक कथा आहे. गणपती आणि कार्तिकेय यांच्या शर्यतीत आपण गणपतीचे कौतुक करून थांबतो. पुढे कार्तिकेय रुसून क्रौंच पर्वतावर गेला. तेव्हा आईवडील त्याला भेटायला निघाले आणि श्रीशैलावर मल्लिकार्जुन रूपाने राहिले. अमावास्येला शंकर जातात, पौर्णिमेला पार्वती जाते, अशी श्रद्धा आहे. लेक दूर गेला तर आईवडिलांनी जावे, अगत्याने जावे. पण तिथीने जावे आणि कैलास मोडून जाऊ नये. मुलांच्या संसारात आपण पौर्णिमा-अमावास्येचे पाहुणे शोभतो.

निघण्यापूर्वी

शेवटी पांडवही निघाले. महाप्रस्थान. परत न येण्यासाठी. त्यांनी राजवाड्याला कुलूप लावले का? नाही. हस्तिनापूर परीक्षिताला दिले, इंद्रप्रस्थ यादवकुळातल्या वज्राला दिले, मुलावर लक्ष ठेवायला सुभद्रेला सांगितले, त्याच्या शिक्षणासाठी कृपाचार्यांच्या हवाली केले, दाने दिली, आणि मगच वल्कले नेसली. घर सोडणे म्हणजे घर दुसऱ्याच्या हाती नीट सोपवणे. माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. घर ठेवा अथवा विका, पण कुलूपबंद ठेवू नका. बंद घर वैराग्यातही बसत नाही आणि संसारातही. ते ओझे होते, किल्लीसारखे खिशात टोचत राहते.

म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात.

पहिली, विहीर ठरवा. ज्या गावी भाऊ, बहीण, जुना शेजार, ओळखीचा डॉक्टर आहे, तिथे दोन खोल्यांचे का होईना, ठिकाण असू द्या. मोठे विकून लहान घ्यायचे असेल तर खुशाल घ्या. वर्षातला एक ठरलेला काळ तिथेच काढा, म्हणजे शेजाऱ्यांना आपण आणि आपल्याला शेजारी परके होणार नाहीत. स्वतःचे नकोच असेल, तर "आजारी पडलो तर तुझ्याकडे येऊ का?" हे त्या माणसाला स्पष्ट विचारून ठेवा. गृहीत धरू नका.

दुसरी, घरात माणूस असू द्या. शिकायला आलेला भाचा असेल, भाडेकरू असेल. लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, तो नोंदवा. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असा राज्य शासनाचा २००१ सालचा आदेश आहे, त्यामुळे त्या भीतीने घर बंद ठेवण्याचे कारण नाही. जमल्यास एक पाऊल पुढे जा. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडले ते १९५६ साली देह ठेवीपर्यंत. जवळ एक गाडगे, चिंध्यांची गोधडी आणि खराटा. पण या बेघर माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही गावोगावचे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. आपण फिरत असताना आपल्या रिकाम्या खोलीत एखाद्या रुग्णाची आई चार महिने राहिली, तर यक्षाच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर आपण जिवंतपणीच तयार केले असे होईल.

तिसरी, देव सोपवा. टाक आणि कुलाचार ही मालमत्ता नव्हे, पण तिच्याहून नाजूक आहे. घरचा गणपती, नवरात्रातला घट, बोडण, गोंधळ, यांचे पुढे कोण करणार, हे भावाभावांत, मुलांशी, सुनांशी आणि लेकींशीही बोलून ठरवा. देवांना बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जगप्रवासाला जाऊ नये. ज्याच्या घरी सांजवात लागते त्याच्याकडे ते राहू देत.

चौथी, मृत्युपत्र करा आणि कागदपत्रे एका ठिकाणी ठेवा. हे अशुभ बोलणे नव्हे. युधिष्ठिराने स्वर्गाच्या वाटेला लागण्याआधी हेच केले.

आमचाही ठाण्याला एक फ्लॅट आहे. आमचा करार संपायला अजून थोडी वर्षे आहेत. त्यात सध्या माझ्या नणंदेची मुलगी शिकायला राहते. देवघरात तीच दिवा लावते आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवते. पुढे आम्ही फिरायला निघू तेव्हा काय ठरेल ते ठरेल, पण "घरी कोण आहे?" या प्रश्नाला आमच्याकडे आज उत्तर आहे, आणि ते उत्तर सात-बाराच्या उताऱ्यावर सापडणारे नाही.

गजाननाचेच पाहा ना. तो दरवर्षी येतो. कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे दहा. मातीची मूर्ती, प्राणप्रतिष्ठा, आणि मग विसर्जन. मखरावर तो हक्क सांगत नाही. जाताना काही नेत नाही, पण "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणणारी माणसे मागे ठेवून जातो. आपल्या वानप्रस्थालाही असेच कोणी तरी "लवकर या" म्हणणारे लाभो, आपली मती स्थिर राहो, प्रवास निर्विघ्न होवो, आणि परतीच्या वाटेवर एका दारात दिवा लागलेला असो, हीच त्या मंगलमूर्तीच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीगजाननार्पणमस्तु ॥
गणपती बाप्पा मोरया!